वाऱ्यात बाजू बदलताना

बसा दयानंदराव, घाई करू नका. तुमची रॅकेट अर्धी ओवून झालीय, पण अंधारात बाकीच्या तारा ओढल्या तर ताण चुकेल आणि तुम्ही गावभर माझं नाव घेत फिराल. आपल्या नांदेडात वारं यायच्या आधी लाइट जाते, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? हा चार्जिंगचा कंदील जवळ ओढतो आणि शटर अर्धं खाली घेतो, धूळ फार येतेय. तुम्ही इथून मुदखेडलाच जाणार ना? मग तर थांबाच. मला तुम्हाला एक काम सांगायचंय. पण ते का सांगतोय, हे आधी सांगावं लागेल.

माझी इकरा तुम्हाला माहीत आहे. चालायला लागली तेव्हापासून तिच्या हातात रॅकेट आहे. जाहिदा, म्हणजे आमच्या घरातलं सरकार, म्हणायची की पोरीला आधी पोळी लाटायला शिकवा. मी म्हणायचो, मनगट एकच आहे, दोन्ही येईल. घरात आम्ही दखनी बोलतो, पण टेनिसचं सगळं बोलणं आमचं मराठीत, कारण तिची शाळा मराठी आणि मास्तर मी. तिच्यावर माझा जीव किती आहे हे सांगत बसत नाही. दुकानाच्या पाटीवर नाव कुणाचं आहे ते तुम्ही वाचलंच असेल.

मागच्या वर्षी लातूरच्या स्पर्धेत ती हरली. खेळात नाही हरली, वाऱ्याला हरली. तिथलं मैदान उघडंबोडकं, उन्हाळ्यात दुपार कलली की वारं नुसतं पिसाळतं. सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला की तो डोक्यावर यायचा सोडून शेजारच्या कोर्टावर. पोरगी रडत गाडीत बसली आणि म्हणाली, "अब्बू, मला वाऱ्याची भीती वाटते." यंदा तिथंच निवड होती. निवड झाली तर पुण्याला शिकायला जायचं, नाही झाली तर जाहिदाच्या हुकमानं रॅकेट माळ्यावर आणि दहावीची पुस्तकं पुढ्यात. तेव्हा मी ठरवलं की हिला वाऱ्यात खेळायला शिकवायचंच. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं. पण आपलं इथलं कोर्ट चारी बाजूंनी इमारतींनी घेरलेलं. तिथं वारं औषधालासुद्धा मिळत नाही.

मुदखेडच्या पुढं शेतांतून एक कच्चा रस्ता जातो. तिथं बंद पडलेली एक सूतगिरणी आहे. नाव नका विचारू. गिरणीच्या साहेब लोकांसाठी मागच्या बाजूला मुरमाचं एक कोर्ट होतं. एका गिऱ्हाइकाकडून ते कळलं आणि राखणदाराचा नंबरही मिळाला. दगडोबा त्याचं नाव. म्हातारा आणि त्याची बायको तुळजाबाई, दोघंच त्या एवढ्या ओसाड जागेत एका खोलीत राहतात. फोन केला तर म्हणाला, "या की भाई. कोर्ट हाय तसंच हाय. रेघा तेवढ्या मारून ठेवतो."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. म्हाताऱ्यानं खरंच मुरूम लोटून, पाणी शिंपडून, चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. माझं तर मन भरून आलं. फक्त एक गोष्ट खटकली. टेनिसचं कोर्ट उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सूर्य कुणाच्या डोळ्यांत येत नाही. हे कोर्ट पूर्व-पश्चिम होतं. एका टोकाला गिरणीची भिंत, दुसऱ्या टोकाला बाभळी, आणि पश्चिमेचं वारं सरळ लांबीनं येणार. मी म्हटलं, वा, आपल्याला हेच पाहिजे.

दगडोबानं पाण्याची कळशी खांबाशी ठेवली आणि जाता जाता थांबला.

"भाई, एक सांगू का? वारं सुटलं की बाजू बदलू नका."

"म्हणजे?"

"ज्या अंगाला उभं हाव, त्याच अंगाला ऱ्हावा. गिरणी चालू व्हती तवा साहेब लोक बी आसंच खेळायचे. हरले तरी चालंल म्हनायचे, पन वाऱ्यात बाजू न्हाई बदलायची."

"कामून?"

म्हातारा जरा वेळ पायानं मुरूम सारत राहिला. मग हळूच म्हणाला, "बदलताना मधी गाठ पडती."

"कुणाची?"

"ते काय म्या पाह्यलं न्हाई बा," असं म्हणून तो खोलीकडं चालता झाला.

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही खेळता, तुम्हाला कळेल. एक जण सारखा वाऱ्याच्या तोंडाला आणि दुसऱ्याच्या पाठीला वारं, हे काय टेनिस झालं? पहिला गेम संपला की बाजू बदलायची, पुढं दर दोन गेमनंतर बदलायची, हा नियम केलाय तो त्याचसाठी. न्याय म्हणून काही आहे की नाही? पण साहेब लोकांना न्याय कुठला ठाऊक असायला, असं मी मनात म्हटलं.

सुरुवातीला नुसते चेंडू मारले. मग बाभळींच्या शेंड्यांना सळसळ सुरू झाली आणि लाल धूळ जमिनीलगत सरपटत यायला लागली. इकरानं स्कार्फ काढला आणि आपल्या पोरी गाडीवर बांधतात तसा तोंडाभोवती गुंडाळला, डोळे तेवढे उघडे. मी बाभळींकडं होतो, वारं माझ्या पाठीला. ती गिरणीच्या भिंतीकडं, वाऱ्याच्या तोंडाला. मी ओरडून सांगत होतो, चेंडू कमी उंच फेक, पावलं बारीक टाक, रेघांच्या नादी लागू नको, मधोमध मार. पोरगी झुंजली, पण गेम गेला. तिचे चेंडू निम्म्यात लटकायचे आणि नेटमध्ये पडायचे.

"चल, बाजू बदल," मी म्हटलं.

"अब्बू, ते काका नको म्हणाले ना?"

"काकांनी कधी रॅकेट धरलीय का? लातूरला अंपायर तुला एका बाजूला उभी ठेवणार आहे? चल."

ती निघाली. माझा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही, दयानंदराव.

आमची एक सवय आहे. बाजू बदलताना नेटच्या खांबापाशी आम्ही समोरासमोर येतो, तेव्हा रॅकेटवर रॅकेट हलकी आपटायची आणि पुढं जायचं. लहानपणी ती हरली की रुसायची, म्हणून हे सुरू केलं. हरो की जिंको, एक ठक करायचं आणि झालेलं सोडून द्यायचं.

त्याच वेळी धुळीचा मोठा लोट आला. समोरचं काही दिसेना. खांबाला हात लावून मी चालत होतो. धुळीतून एक स्कार्फ बांधलेलं डोकं आलं, रॅकेट पुढं झाली, ठक. मी पुढं सरकलो. आणि चार पावलं गेलो नसेन, तोच माझ्या रॅकेटवर पुन्हा ठक.

मला वाटलं, पोरगी मस्करी करून राहिली. "पुरे आता, जा तिकडं," असं म्हणून मी भिंतीकडं जाऊन उभा राहिलो. वाऱ्याच्या तोंडाला. डोळ्यांत, दातांत सगळी माती. पलीकडची बेसलाइन दिसतच नव्हती, नेटच्या पुढं सगळं लालच होतं. त्या लालीतून चेंडू आला. मी मारला. तो परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला.

आधी मला आनंद झाला, खरंच सांगतो. काय खेळत होती पोरगी. वारं तिच्या पाठीला, म्हणजे तिचे चेंडू लांब उडून भिंतीवर जायला पाहिजेत. पण प्रत्येक चेंडू माझ्या रेघेच्या टीचभर आत पडायचा. मी ओरडलो, "शाब्बास." उत्तर नाही आलं. इकरा गप्प खेळणारी नव्हे, तिचं तोंड आणि रॅकेट बरोबर चालतात. मी स्कोअर ओरडला. त्यालाही उत्तर आलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं. एवढ्या वाऱ्यात बाभळी जमिनीला लागत होत्या, माझा सदरा अंगाला चिकटून फडफडत होता, पण तो चेंडू... तो हलतच नव्हता. वाकत नव्हता, तरंगत नव्हता. बंद खोलीत मारावा तसा सरळ येत होता. आणि वास यायला लागला. भिजलेल्या कापसाचा वास, कोंदट, ओला. त्या कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात. गिरणी बंद होऊन जमाना झालाय, तिथं कापसाची बोंडंसुद्धा राहिली नाहीत.

 तरी मी मारत राहिलो. का ते विचाराल तर... थांबलो तर पलीकडचं इकडं येईल, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात माझ्या मागून, भिंतीच्या अंगानं, अगदी जवळून आवाज आला. "अब्बू..."

माझ्याच बाजूनं. इकराचा आवाज.

आणि समोरून चेंडू आला.

मी तो मारला नाही. तो बाजूनं गेला, भिंतीवर आपटला. मी रॅकेट टाकली आणि आवाजाच्या दिशेनं हात पसरून गेलो. "इकरा... कुठायस... इकरा..." धुळीत हाताला हात लागला. मी तो घट्ट धरला. तर्जनीच्या बुडाशी रॅकेटचा घट्टा होता, जाडसर, मीच रोज रात्री तेल लावतो तो. माझ्या जिवात जीव आला. स्कार्फ तोंडाला तसाच, मान खाली, अंग थरथरत होतं. मी तिला ओढत गाडीकडं पळालो. पाठीमागं कोर्टावर चेंडूचा आवाज चालूच होता. टप्प... टप्प... आता कोण कुणाशी खेळत होतं, देव जाणे.

गाडी गिरणीच्या मागच्या फाटकापाशी होती. मी जवळ गेलो आणि काचेतून आत पाहिलं.

आत इकरा बसली होती.

पुढच्या सीटवर, स्कार्फ सोडलेला, चेहरा स्पष्ट दिसत होता. दोन्ही हातांनी काचेवर मारत होती. काच बंद, आवाज बारीक येत होता, पण शब्द कळत होते. "अब्बू, सोडा... सोडा तिला... ती मी नाही..."

दयानंदराव, तुम्ही काय केलं असतं? मला चेहरा दिसत होता. हातात जे होतं त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्या हातानं माझी बोटं आणखी घट्ट धरली, लहान पोर गर्दीत धरतं तशी. काही बोलली नाही. नुसता धरला हात. मी किंचाळलो आणि झटका देऊन हात सोडवला, दार उघडलं, गाडी सुरू केली आणि मुदखेडचं रेल्वे फाटक येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा इकरा हुंदके देत म्हणाली, "बाजू बदलायला निघालो तेव्हाच मी गाडीकडं पळाले, अब्बू. किती हाका मारल्या तुम्हाला. तुम्ही कुणाशी खेळून राहिले होते?"

मी तिला जवळ घेतलं. वाचलो, असं म्हटलं. घरी जाऊन जाहिदाला सांगितलं की वादळात सापडलो, पोरगी घाबरलीय. इकरा जेवली आणि आईजवळ झोपली. मी सकाळपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून राहिलो.

सकाळी आम्ही चहा पीत होतो. इकरा माझ्यासमोर, बशीत बिस्किट. दगडोबाचा फोन आला.

"भाई, पोरीला इसरून गेलाव काय तुमी?"

"कोणत्या पोरीला?"

"तुमच्या की. कोर्टावरच बसली व्हती रडत. रातच्याला तुळजाबाईपाशी निजवली. भाकर खाईना, पानी पिईना. अब्बू येतेत म्हन्ती, बस. म्या म्हनलं व्हतं का न्हाई, बाजू बदलू नका..."

 पलीकडं फोन कुणीतरी घेतला. श्वास ऐकू आला. मग अगदी हळू आवाज, दखनीत, आमच्या घरच्या दखनीत. तुम्हाला मराठीत सांगतो. ती म्हणाली, "अब्बू, जोरात बोलू नका. ती तुमच्यासमोर बसलीय ना?"

मी फोन बंद केला. इकरानं विचारलं, "कुणाचा होता?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा.

मी गेलो नाही असं समजू नका. दोनदा निघालो. दोन्ही वेळा त्याच रेल्वे फाटकापाशी मी गाडी वळवली. तिथं ते बसलेलं असेल, ते जर भलतंच काही निघालं, तर मी ते हातानं धरून घरात आणणार. आणि ती जर माझी पोर निघाली... तर जाहिदाच्या कुशीत रोज रात्री कोण झोपतंय? गेलो तर दोन्हींपैकी एक खरं ठरणार, आणि मला दोन्ही नको आहे. भीती काय असते ते मला या वयात कळलं. जाहिदाला सांगायची हिंमत झाली नाही. ती बिचारी खूश आहे. म्हणते, पोरगी किती शहाणी झाली, उलटून बोलत नाही, हाक मारली की येते.

मग लातूरची स्पर्धा आली. मी नको म्हणणार होतो, पण इकरा आदल्या रात्रीच बॅग भरून तयार. अंतिम सामन्याला असं वारं सुटलं की बाजूचा मंडप उडाला. समोरची पोरगी चांगली होती हो, तिथल्या कोच महांतेश सरांची शिष्या, पण तिचे चेंडू वाऱ्यावर पाचोळ्यासारखे भरकटत होते. लोक म्हणाले, आता दोघींनाही खेळता येणार नाही, सामना थांबवा.

इकरा थांबली नाही. तिनं चेंडू वर फेकला, तो सरळ वर गेला आणि सरळ खाली आला. तिचा एकही चेंडू वाऱ्यानं हलला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, महांतेश सरांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नजीरभाई, काय शिकवलंय पोरीला." मी मान खाली घालून बसलो होतो. मला ओल्या कापसाचा वास येत होता.

तिची निवड झाली. घरी पेढे वाटले. पुण्याला जायची तयारी चाललीय.

तुम्हाला काम एवढंच की आज मुदखेडच्या जरा पुढं त्या गिरणीपर्यंत जा. आत जाऊ नका, मागच्या फाटकातूनच पाहा. कोर्टावर कुणी बसलंय का, एवढंच मला येऊन सांगा. समक्ष सांगा, फोन नको. घरी असलो की माझा फोन हल्ली इकराच उचलते. आणि उद्याच सांगा, परवा नको. उशीर होत चाललाय, दयानंदराव. आज दुपारी मी इथं दुकानात होतो, वारं सुटलं तेव्हा पुन्हा तिकडून फोन आला होता. या खेपेला दगडोबा नव्हता, तुळजाबाई होती.

म्हणाली, "भाई, येनार नसलाव तर तसं सांगा. पोरगी काल भाकर खाल्ली. आन् सकाळपासून आमच्या म्हाताऱ्याला अब्बू म्हनून राहिली."